मिठाचें मोल
('दि प्राइस ऑफ सॉल्ट' आणि 'कॅरोल')

पॅट्रिशिया हायस्मिथ या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी १९५२ सालीं 'क्लेअर मॉर्गन' या टोपणनांवानें प्रसिद्ध झाली. दोन स्त्रियांच्या परस्परप्रेमाची कथा उघडपणें आपल्या नांवावर घालणें त्या काळीं सोपें नव्हतें; ग्रंथावर लेखिकेचें खरें नांव येण्यास १९९० साल उजाडावें लागलें. टॉड हेन्स यांनीं तिच्यावरून दिग्दर्शित केलेला 'कॅरोल' हा बोलपट २०१५ सालीं पडद्यावर आला.

कथानक थोडक्यांत असें: न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानांत नाताळच्या दिवसांत काम करणारी तरुण तेरेझ आणि घटस्फोटाच्या उंबरठ्यावर उभी असलेली कॅरोल यांची गांठ पडते. दोघी मोटारीनें पश्चिमेकडे निघतात; आणि पतीनें मागें लावलेला गुप्त हेर त्यांच्या एकांताचा पुरावा गोळा करतो. तो पुरावा आईपासून मुलगी तोडण्यासाठीं असतो.

कादंबरींत सर्व कांहीं तेरेझच्या दृष्टीनें दिसतें. कॅरोलच्या मनांत काय आहे हें तिला नीट उमगत नाहीं, म्हणून वाचकालाही उमगत नाहीं; ही हुरहूर हेंच ग्रंथाचें बळ होय. मुलीच्या ताब्याचा निकालही कॅरोल मागाहून सांगते तेव्हांच कळतो. पटकथाकार फिलिस नॅगी यांनीं तोच प्रसंग वकिलांच्या कचेरींत प्रत्यक्ष घडविला आहे. स्वतःला नाकारून मुलगी राखण्यापेक्षां ताबा सोडून केवळ भेटीचा हक्क मागणारी ही आई केट ब्लँचेट यांनीं ज्या संयमानें उभी केली आहे, त्याला तोड नाहीं.

मात्र या लाभाची किंमत तेरेझनें मोजली आहे. ग्रंथांतील तेरेझ नाटकांचे देखावे रचणारी; तिचें प्रेम हट्टी, भयाकुल, क्वचित् क्रूरही. पडद्यावर ती छायाचित्रें काढते. पाहणें हाच जिचा छंद तिला कॅमेरा शोभतो खरा. ओल्या कांचांआडून टिपलेली दृश्येंही मनोहर आहेत. पण रूनी मारा यांच्या शांत चेहऱ्यामागें तें अंतरींचें वादळ आम्हांस पुरेसें जाणवलें नाहीं.

शेवट दोहोंनीं आशेचा ठेवला, हें विशेष. अशा नायिकांना मरण किंवा पश्चात्ताप नेमून देण्याची तेव्हांची रीत हायस्मिथ यांनीं मोडली. तथापि हें सुख फुकटचें नाहीं: एका आईच्या घरांतून तिची मुलगी गेली आहे. हें मोल मागणारा समाज न्यायी कीं अन्यायी, हा प्रश्न ज्यांना टाळतां येणार नाहीं त्यांनीं आधीं ग्रंथ वाचावा, मग बोलपट पाहावा, अशी आमची शिफारस आहे.