राहुलास आधी काय शिकविले?

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या शाळांतून मुलांच्या भावनांचे आणि परस्परव्यवहाराचे शिक्षण देण्याचे दोन मोठे प्रयत्न अलीकडच्या काळात झाले. पहिला ‘मूल्यवर्धन’. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने तो 2009 मध्ये बीड जिल्ह्यात सुरू झाला व पुढे राज्य शासनाच्या सहकार्याने इतरत्र पसरला. (30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर भूकंपग्रस्त भागातील सुमारे 1,200 मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेणारे ते हेच, हे लातूरकरांना सांगावयास नको.) दुसरा ‘मित्र उपक्रम’. शालेय शिक्षण विभाग आणि इगतपुरीचा विपश्यना विशोधन विन्यास यांनी तो 2011 मध्ये हाती घेतला. यात मुलांकडून शाळेत रोज थोडा वेळ आनापानाचा सराव करून घ्यावयाचा असतो. शिक्षकांना दहा दिवसांच्या शिबिरासाठी भरपगारी रजा मिळण्याची सोयही झाली.

नांदेड-लातूरकडील उपासकांत या दुसऱ्या उपक्रमाविषयी दोन टोकांची मते आढळतात. कोणी म्हणतात, धम्म शाळेत पोहोचला. कोणी म्हणतात, मुलांना डोळे मिटावयास शिकवून त्यांचा प्रश्नच मिटविला. प्रस्तुत लेखकास ही दोन्ही मते अपुरी वाटतात, कारण मूळ पालि ग्रंथांत बालकाच्या शिक्षणाचा जो क्रम आहे त्याकडे दोन्ही पक्षांचे लक्ष गेलेले नाही.

मज्झिमनिकायात राहुलाला केलेले उपदेश आहेत. त्यांतील अम्बलट्ठिका-राहुलोवाद सुत्त हे 61 वे. अट्ठकथेप्रमाणे त्या वेळी राहुल सात वर्षांचा होता, म्हणजे आजच्या दुसरीतला विद्यार्थी. तथागत पाय धुतात, भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवतात आणि विचारतात, हे थोडेसे पाणी दिसते ना? जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रामण्य एवढेच. मग ते पाणी फेकतात, भांडे उपडे करतात, पुन्हा उलथून रिकामे दाखवितात. त्यानंतर आरशाचा दृष्टान्त येतो. काया, वाचा व मन यांचे प्रत्येक कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यावर निरखावे. त्याने मला, दुसऱ्याला अथवा दोघांनाही पीडा होते काय, हे पाहावे. येथे श्वासाचा उल्लेखही नाही. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात ज्या थोड्या धम्मपर्यायांचे श्रवण-मनन करण्यास सांगितले, त्यांत मृषावादाविषयीच्या या राहुलोवादाचा नामनिर्देश आहे. भिक्खूंबरोबर उपासक-उपासिकांनाही तो सांगितला आहे, हे विशेष.

श्वास येतो तो 62 व्या, महाराहुलोवाद सुत्तात. अट्ठकथेप्रमाणे तोवर राहुल अठरा वर्षांचा झालेला होता. सारिपुत्त त्याला आनापानसती वाढविण्यास सांगतात. सायंकाळी राहुल तथागतांकडे जाऊन ती महाफलदायी कशी होते, असे विचारतो. तथागत एकदम श्वासाकडे वळत नाहीत. आधी धातूंचा विचार, मग पृथ्वीसारखे होणे, मग मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा, पुढे अशुभ व अनित्य आणि शेवटी आनापान, तेही सोळा पायऱ्यांचे.

शाळेच्या वेळापत्रकात यातले काय उरते? पहिल्या दोन-तीन पायऱ्या. या परंपरेच्या बालशिबिरांत शीलही सांगितले जाते, हे मान्य केले पाहिजे. पण रोजच्या दहा मिनिटांत शीलाला जागा मिळत नाही. त्याने मूल शांत बसते, आणि शांत वर्ग कोणत्या शिक्षकाला नको असतो? मात्र शांत वर्ग म्हणजे समतेचा वर्ग नव्हे. शिवाय आपल्या हर्षातही एक विसंगती आहे. पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देण्यास संविधानाच्या कलम 28 ने मनाई केली आहे. उपक्रमाचे समर्थक म्हणतात, श्वासाला धर्म नसतो. ते मान्य करावयाचे असेल, तर ‘धम्म शाळेत पोहोचला’ असे आपण म्हणू शकत नाही.

ब्रिटनमधील ‘मिरियाड’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. 85 शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांना शिक्षकांमार्फत सजगतेचे पाठ दिले गेले वा नेहमीचे भावशिक्षण दिले गेले, आणि दोहोंची तुलना झाली. मुलांच्या मनःस्वास्थ्यात सजगतेच्या पाठांनी सरस फरक पडला नाही. शिक्षकांचा शीण मात्र काहीसा कमी झाला. मराठवाड्याला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होईल असे नाही, पण शिक्षकाकडे बोट दाखविण्याइतका तो निश्चित महत्त्वाचा आहे.

कारण आरशाच्या दृष्टान्तातील एक अट सहसा दुर्लक्षिली जाते. कायेने वा वाचेने अकुशल कर्म घडले, तर ते शास्त्यापुढे अथवा सुज्ञ सब्रह्मचाऱ्यापुढे उघड करावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे मुलाने ज्याच्यापुढे बोलावयाचे, तो माणूस तितका विश्वासार्ह हवा. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये आपल्या शाळेतील पाण्याविषयी लिहिले आहे: शिपाई असेल तरच पाणी, नसेल तर तहान. त्या शाळेत शिक्षक हजर होते, शिकवीतही होते.

‘मूल्यवर्धन’ या दृष्टीने अम्बलट्ठिकेच्या अधिक जवळ येते. त्याचा पाया संविधानातील मूल्ये हा आहे आणि त्यात जोडीने व गटाने शिकणे आहे. मूल दुसऱ्या मुलाशेजारी बसून काही करते, तेव्हाच कर्माची परीक्षा होते. प्रस्तुत लेखकाचा कौल याच बाजूने आहे. पण बंधुतेचा पाठ जातीचे नाव न घेताही संपविता येतो, आणि तसा संपविला की तो पोकळ होतो. राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र अशा उतरंडीने प्रशिक्षण खाली येते तेव्हा नेमका हाच अवघड भाग गळण्याची भीती असते. हाती राहते ती पुस्तिका आणि भरावयाचा अहवाल.

जून 2023 मध्ये नांदेडलगतच्या बोंढार हवेली येथे एका बौद्ध तरुणाची हत्या झाली. गावात भीमजयंती साजरी झाल्याचा राग त्यामागे होता, असा आरोप आहे. आपल्या भागातील कित्येक गावांत दोन्ही वस्त्यांची मुले एकाच शाळेत येतात. अशा घटनेनंतरच्या सकाळी गुरुजींनी काय करावे? श्वास पाहावयास सांगून गणिताचा तास सुरू करावा काय? घाबरलेल्या मुलाला श्वासाने आधार मिळेल, ते नाकारू नये. मात्र घरी ऐकलेली शिवी वर्गात उच्चारणारे मूलही त्याच बाकावर आहे. त्याच्या वाचेपुढे आरसा कोणी धरावयाचा?

केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदांतून निदान या एका प्रश्नावर शिक्षकांना आपसांत, मिश्र गटांत, बोलते करावे. पोषण आहाराची पंगत कशी बसते, पाणी कोण भरते, वर्ग झाडण्यास कोणास सांगितले जाते, हजेरी घेताना कोणाचे नाव कोणत्या सुरात उच्चारले जाते, हे त्यांनी स्वतःच्या शाळेत महिनाभर निरखून पुढील परिषदेत मांडावे. त्यास स्वतंत्र अनुदान लागत नाही, रजाही लागत नाही. आपल्या विहारांतील रविवारच्या बालवर्गांनाही हे तितकेच लागू आहे. तेथे आपण मुलांना वंदना पाठ करून देतो, पण पाण्याच्या भांड्याची ती कथा कितीजण सांगतात?