संमोहन, पोटदुखी आणि रिकामी वीस मिनिटं

'स्वतःसाठी वेळ काढा' या वाक्याखाली हल्ली काहीही विकता येतं. सुगंधी मेणबत्त्या, योगाची चटई, आणि गेल्या काही वर्षांत संमोहनोपचार. जाहिरातीचा साचा ठरलेला आहे. डोळे मिटून पहुडलेली बाई, मागे निळसर ढग, 'अंतर्मनाची अफाट शक्ती', सहा किंवा आठ सत्रांचं पॅकेज, आणि खाली वजन कमी करण्यापासून सासूशी जमवून घेण्यापर्यंत सगळ्याची यादी. हे बघून काहीजण वैतागतात आणि संमोहन म्हणजे थोतांड असं म्हणून मोकळे होतात. ज्यांना बरं वाटलंय ते म्हणतात, "मला फरक पडला ना, मग तुमचं संशोधन ठेवा तुमच्याजवळ." मला दोन्ही पटत नाही. संमोहनावर खरोखर चांगलं संशोधन झालेलं आहे, आणि त्या संशोधनात एक ठसठशीत भोकही आहे. त्या भोकाचा संबंध थेट 'वेळ काढा'शी आहे, म्हणून हा लेख.

संमोहन सगळ्यावर चालतं का, हा प्रश्न निरर्थक आहे. 'गोळी चालते का' असं विचारण्यासारखा. एकच आजार घेऊ, ज्यावर संमोहनाचा पुरावा सर्वात भक्कम समजला जातो: आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. नाव माहीत नसलं तरी माणूस माहीत असतो. प्रवासाला निघायचं म्हटलं की तीनदा संडासला जाणारे काका प्रत्येक घरात असतात. पोट दुखतं, फुगतं, कधी जुलाब, कधी चार दिवस काहीच नाही. आणि दुर्बिणीने तपासलं तर आतडं ठणठणीत. "सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका," हे वाक्य या लोकांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्याचंच टेन्शन येतं.

पण हे दुखणं खोटं नाही, बरं का. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतःचं जाळं असतं आणि त्याची मेंदूशी दोन्ही बाजूंनी सतत बोलणी चालू असतात. आयबीएसमध्ये या बोलण्याचा आवाज वाढलेला असतो. ज्या ताणाची तुम्हा-आम्हाला जाणीवही होणार नाही, तो या रुग्णांना कळ म्हणून जाणवतो. त्यामुळे मेंदूच्या बाजूने आवाज कमी करता येईल, ही कल्पना मुळात वेडगळ नाही.

ती नीट तपासली मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल आणि सहकाऱ्यांनी. १९८४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला हा शोधनिबंध चिमुकला आहे: ३० रुग्ण, सगळे औषधांना दाद न देणारे. निम्म्यांना संमोहनाची सात सत्रं, अर्ध्या अर्ध्या तासाची. उरलेल्यांना तितकाच वेळ आधार देणारं समुपदेशन, आणि सोबत प्लासिबो गोळ्या. संमोहन म्हणजे इथे लोलक हलवणं नाही आणि झोपवणंही नाही. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो. अंग सैल सोडायचं, पोटावर हात ठेवायचा, हाताची ऊब आत उतरतेय असं अनुभवायचं, आतड्याची हालचाल एखाद्या संथ नदीसारखी चाललीय असं डोळ्यांपुढे आणायचं. समुपदेशनाच्या गटालाही थोडा आराम पडला, पण संमोहनाच्या गटातला फरक इतका मोठा होता की आजही प्रत्येक आढावा इथूनच सुरू होतो.

कौतुकाची गोष्ट म्हणजे व्हॉरवेल यांनी कंट्रोल गटाला 'वेटिंग लिस्ट'वर बसवलं नाही. मानसोपचारांवरच्या कितीतरी अभ्यासांत हाच घोळ असतो. एका गटाला उपचार, दुसऱ्याला "थांबा, तुमचा नंबर नंतर." मग पहिल्या गटाला बरं वाटलं ते उपचाराने, की कुणीतरी आठवड्याला तासभर आपलं ऐकून घेतंय म्हणून, हे कसं कळणार? १९८४च्या अभ्यासात डॉक्टरचा वेळ दोन्हीकडे सारखा होता. एकच गोष्ट सारखी नव्हती. संमोहनाच्या रुग्णांना काही सत्रांनंतर एक कॅसेट दिली गेली, घरी रोज लावून सराव करण्यासाठी. कंट्रोल गटाला अशी कॅसेट नव्हती.

मी ज्याला भोक म्हणते ते हेच. रोज कॅसेट लावायची म्हणजे काय करायचं? दार लोटायचं, आडवं व्हायचं, घरच्यांना सांगायचं की आत्ता मला हाक मारू नका. आणि हे डॉक्टरांनी सांगितलंय, त्यामुळे कुणी 'आळशी' म्हणत नाही. कॅसेटवरच्या आवाजात काय आहे हे आपण बारकाईने तपासतो. ती ऐकायला जी रिकामी वीस मिनिटं लागतात ती मात्र मोजणीतून निसटतात.

ही नुसती शंका आहे का? २००८ साली 'बीएमजे'मध्ये हार्वर्डच्या टेड कॅपचुक यांच्या गटाने आयबीएसच्याच २६२ रुग्णांवर केलेला एक प्रयोग आला. संमोहनाचा त्यात संबंध नाही. तीन गट होते. पहिला नुसता वाट बघणारा. दुसऱ्याला खोटं ॲक्युपंक्चर. म्हणजे सुई टोचल्यासारखी वाटते पण आत जातच नाही. उपचार करणारा पाच मिनिटांच्या आत जुजबी बोलून मोकळा. तिसऱ्यालाही तेच खोटं ॲक्युपंक्चर, पण आधी पंचेचाळीस मिनिटं निवांत गप्पा: कधीपासून दुखतंय, त्यामुळे काय काय अडतं, तुम्हाला स्वतःला काय वाटतं. इतकंच काय, नाडी हातात धरून वीस सेकंद विचारमग्न शांत बसायचं, हेसुद्धा नियमावलीत लिहिलेलं होतं! (हे वाचताना मला आमच्या गावाकडचे वैद्य आठवले. त्यांना कुणी नियमावली दिली नव्हती.) तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला असं म्हणणारे वाट बघणाऱ्या गटात २८ टक्के, जुजबी गटात ४४ टक्के, आणि गप्पांच्या गटात ६२ टक्के. औषध शून्य, सुई शून्य. आणि एक तपशील कुणी फारसा उद्धृत करत नाही: सुया 'लावल्यावर' दोन्ही गटांतल्या रुग्णांना शांत खोलीत वीस मिनिटं एकटं सोडलं जायचं.

आता २०१६ सालचा मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाचा अभ्यास घ्या. ७४ रुग्ण, तीन गट: एकाला संमोहन, एकाला लो-फॉडमॅप आहार (कांदा, लसूण, गहू, डाळी वगैरे काही काळ बंद, मराठी स्वयंपाकघरात हे करून बघा म्हणजे संमोहन स्वस्त वाटेल), आणि तिसऱ्याला दोन्ही एकत्र. सहा आठवड्यांनी लक्षणांत ठळक सुधारणा झालेले रुग्ण: ७२ टक्के, ७१ टक्के, ७२ टक्के. बातम्यांनी याचा मथळा 'संमोहन आहाराइतकंच प्रभावी' असा केला. मला मात्र तिसऱ्या आकड्यापाशी थांबावंसं वाटतं. आहार आतड्यातल्या वायूवर काम करतो आणि संमोहन मेंदूवर, असं असेल तर दोन्ही एकत्र दिल्यावर फायदा थोडा तरी वाढायला हवा होता. नाही वाढला. कदाचित सुधारणेलाही छत असेल, आणि ज्यांना बरं व्हायचं ते कशानेही होत असतील. कदाचित गट लहान असल्याने फरक दिसला नसेल. किंवा कदाचित तिन्ही गटांत जे समान होतं, म्हणजे तज्ज्ञाचं लक्ष, आशा, आणि स्वतःच्या पोटाकडे सहा आठवडे गांभीर्याने बघण्याची मुभा, तेच काम करत असेल. या अभ्यासात चौथा, यातलं काहीच न मिळालेला गट नव्हता. त्यामुळे निवाडा होऊच शकत नाही. मनाच्या चाचण्यांत मात्र संमोहन आहारापेक्षा सरस ठरलं, हेही सांगायला हवं.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे संमोहन हा नुसता प्लासिबो. थांबा. माझ्या शंकेच्या विरोधात जाणारा पुरावाही आहे, आणि तो चांगला आहे.

नेदरलँड्समधल्या ३५४ रुग्णांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. इथे काहींना वैयक्तिक संमोहन, काहींना गटात बसवून संमोहन, आणि काहींना तितक्याच सत्रांचं शिक्षण व आधार दिला गेला. तीन महिन्यांनी पुरेसा आराम पडलेले अनुक्रमे सुमारे ४१, ३३ आणि १७ टक्के. सत्रं सारखी असूनही शिक्षणाच्या गटाच्या दुप्पट किंवा जास्त. म्हणजे नुसतं कुणीतरी वेळ दिला म्हणून बरं वाटलं, एवढ्याने हे आकडे उलगडत नाहीत. त्याआधी १९९७ साली 'सायन्स'मध्ये पिएर रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की संमोहित माणसाचा हात दुखेल इतक्या गरम पाण्यात ठेवून 'हे कमी त्रासदायक आहे' किंवा 'जास्त त्रासदायक आहे' अशी सूचना दिली, की मेंदूतला वेदनेच्या त्रासाशी जोडलेला भाग, अँटीरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स, त्यानुसार बदलतो. स्पर्शाची जागा व तीव्रता नोंदवणारा भाग मात्र तसाच राहतो. पाणी तितकंच गरम असतं, फक्त ते खुपत नाही. आयबीएसच्या रुग्णाला याहून वेगळं काय हवं असतं?

तेव्हा माझं मत असं: सूचनेत काहीतरी आहे. पण त्यातला किती वाटा शब्दांचा आणि किती बंद दाराआडच्या वीस मिनिटांचा, हे वेगळं करणारा प्रयोग मी वर सांगितलेल्यांपैकी एकही नाही. करणं अवघड नाही. एका गटाला संमोहनाची ध्वनिफीत, दुसऱ्याला तेवढ्याच लांबीचं तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग, आणि दोघांनाही डॉक्टरांची तीच ताकीद: रोज वीस मिनिटं, दार बंद, फोन बाहेर. माझी पैज आहे की दुसऱ्या गटाचा आकडा बऱ्याच जणांना अस्वस्थ करेल.

उपचार करणाऱ्याच्या अंगात शक्ती नसते हे तर दोनशे वर्षांपूर्वी एका गोयंकराने सांगून ठेवलंय. आबे फारिया, जन्म १७५६, कांदोळी. पॅरिसमध्ये मेस्मरचे अनुयायी जेव्हा शरीरातून वाहणाऱ्या चुंबकी द्रवाच्या गोष्टी सांगत होते, तेव्हा फारियांनी ठाम सांगितलं की द्रव वगैरे काही नाही, जे घडतं ते त्या व्यक्तीच्याच मनात घडतं. गंमत बघा, पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा जो पुतळा आहे त्यात ते कोसळणाऱ्या एका स्त्रीवर दोन्ही हात पसरून उभे आहेत, जणू बोटांतून काहीतरी सोडतायत. शिल्प म्हणून जोरकस आहे. विचार म्हणून त्यांच्या म्हणण्याच्या नेमकं उलट. आजच्या जाहिरातीतले 'मास्टर हिप्नॉटिस्ट' फारियांच्या पुस्तकाचे नव्हे, या पुतळ्याचे वारस आहेत.

आणि आता त्या वीस मिनिटांबद्दल. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. आयबीएस बायकांमध्ये जास्त दिसतो. म्हणजे ज्यांना हा उपचार लागू पडू शकतो त्यांच्याकडेच तो घ्यायला जागा कमी. चाचणीत सहभागी होतानाच तुमच्याकडे सत्रांना यायची सवड असावी लागते. जिला ती नाही ती आकडेवारीत येतच नाही, ना बऱ्या झालेल्यांत, ना न झालेल्यांत. म्हणून 'स्वतःसाठी वेळ काढा' हे वाक्य मला खटकतं. वेळ कणगीत पडलेला असतो आणि फक्त काढायचा राहिलेला असतो, असं ते गृहीत धरतं. प्रत्यक्षात तो दुसऱ्या कुणीतरी भाजी निवडली, मुलाला शाळेतून आणलं, तरच तयार होतो. औषधाच्या चिठ्ठीवर 'रोज वीस मिनिटं' असं लिहून सही-शिक्का मारला, तर निदान घरात मागायला कागद तरी हाती येतो. संमोहनोपचाराचं हे सर्वात कमी अभ्यासलेलं आणि कदाचित सर्वात उपयोगी अंग असावं.

डच अभ्यासातला गट-संमोहनाचा आकडा म्हणूनच मला आपल्याकडे सर्वात कामाचा वाटतो. वैयक्तिक संमोहनापेक्षा तो फार मागे नाही, आणि सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एका समुपदेशकाने एका माणसाला पाऊण तास देणं शक्य नसलं तरी सहा-आठ जणांना एकत्र बसवणं शक्य आहे. ब्रिटनच्या 'नाईस'ने २००८ मध्येच आयबीएसच्या मार्गदर्शिकेत संमोहनोपचाराला स्थान दिलं, पण औषधांनी बारा महिन्यांत फरक पडला नाही तर, या अटीवर. वर्षभर दुखू द्यायचं आणि मग पोटावर हात ठेवायला शिकवायचं, हा क्रम कशाच्या आधारावर ठरला असेल, याचं मला कुतूहल आहे.

तुम्ही स्वतः हा उपचार घ्यायचा विचार करत असाल तर दोन गोष्टी. शौचातून रक्त जात असेल, विनाकारण वजन घटत असेल, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोटाची सवय बदलली असेल, तर आधी पोटाच्या डॉक्टरांकडे. आणि संमोहन करणारी व्यक्ती दडलेल्या आठवणी किंवा मागचा जन्म उकरून काढायची भाषा करू लागली, तर तिथून उठा. सूचनेने वेदना जशी बदलते तशी आठवणही बनते, आणि अशी बनलेली आठवण खऱ्या आठवणीपासून वेगळी ओळखता येत नाही. ठीक वाटलं तर एवढंच विचारा: "घरी रोज किती वेळ सराव करायचा आहे?" उत्तर 'काही गरज नाही, मी सगळं करतो' असं आलं, तर तुम्ही त्या पुतळ्यासमोर बसला आहात.