प्रशिक्षकाचे कार्य: 'ॲजाइल' कार्यपद्धती आणि शिवाजी पार्कचा दाखला

सॉफ्टवेअर-निर्मितीच्या क्षेत्रात गेल्या पाव शतकात 'ॲजाइल' या नावाने ओळखली जाणारी कार्यपद्धती रूढ झाली आहे. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड येथे या व्यवसायातील 17 जाणकार एकत्र आले व त्यांनी चार मूल्यांचा एक संक्षिप्त जाहीरनामा सिद्ध केला. त्याला बारा तत्त्वांची जोड देण्यात आली. आधी संपूर्ण आराखडा, मग रचना, मग तपासणी आणि अखेरीस ग्राहकाच्या हाती वस्तू, हा क्रम सोडून कामाचे अल्प मुदतीचे टप्पे पाडावेत, प्रत्येक टप्प्याअखेर चालू स्थितीतील वस्तू दाखवावी आणि येणाऱ्या अनुभवानुसार पुढील दिशा बदलावी, हे या पद्धतीचे सार होय. जाहीरनाम्यात प्रशिक्षकाचा उल्लेख कोठेही नाही. तरीही संघांना ही पद्धती शिकविणारा 'ॲजाइल कोच' हा आता स्वतंत्र व्यवसाय बनला आहे. हा प्रशिक्षक नेमके काय शिकवितो, आणि त्याच्या यशाची कसोटी कोणती, हा प्रश्न म्हणूनच विचारात घ्यावयास हवा.

या पद्धतीच्या प्रसारात एक विसंगती आढळते. जाहीरनाम्याचे पहिलेच मूल्य कार्यपद्धती व साधने यांच्यापेक्षा व्यक्ती व त्यांचा परस्परसंवाद यांना अधिक मोल देते. परंतु तिचे शिक्षण बहुधा कार्यपद्धतीचेच शिक्षण होऊन बसते. 'स्क्रम' या प्रकारात रोज पंधरा मिनिटांची बैठक, एक महिन्याहून अधिक नसलेला 'स्प्रिंट' आणि त्याच्या अखेरीस आत्मपरीक्षणाची सभा असा नेम आहे. काल काय केले, आज काय करणार आणि अडथळा कोणता, हे तीन प्रश्न स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेच्या 2020 च्या आवृत्तीतून वगळले गेले. तथापि अनेक संघांत ते अद्याप मंत्राप्रमाणे म्हटले जातात. विधी पाळला गेला, परंतु विधीमागील हेतू हरपला, अशी ही अवस्था आहे. तिला कर्मकांड म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

'स्क्रम' हा शब्द मुळात रग्बीच्या खेळातील. ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी 1986 च्या एका लेखात तो उत्पादननिर्मितीच्या विवेचनासाठी योजला व तेथून तो सॉफ्टवेअरमध्ये आला. 'कोच' ही संज्ञाही मैदानावरचीच. परिभाषाच क्रीडांगणावरून उसनी घेतलेली असल्यामुळे तिची कसोटीही क्रीडांगणावर पाहणे अप्रस्तुत ठरू नये. दादरचे शिवाजी पार्क त्या दृष्टीने उत्तम दाखला पुरविते. रमाकांत आचरेकर (1932 ते 2019) यांनी अनेक वर्षे येथे मुलांना क्रिकेट शिकविले. त्यांना 1990 साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, आणि डिसेंबर 2024 मध्ये याच मैदानाशी त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. विशेष म्हणजे त्यांच्या स्वतःच्या नावावर प्रथम दर्जाचा अवघा एकच सामना आहे. स्वतः मोठा खेळाडू असणे आणि इतरांना घडविणे ही दोन निराळी सामर्थ्ये आहेत, हे एवढ्यावरूनच ध्यानात यावे.

आचरेकरांच्या पद्धतीत तीन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, सामन्यांवरील भर. एका उन्हाळी सुट्टीच्या साठ दिवसांत आपण पंचावन्न सराव सामने खेळल्याचे सचिन तेंडुलकर यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. जाळीतल्या सरावात चूक झाली तरी डाव संपत नाही. सामन्यात तो संपतो. सामने वाढले की चूक आणि तिचे ज्ञान यांमधील अंतर घटते. 'स्प्रिंट'चे मर्म यापेक्षा निराळे नाही. दुसरी, यष्टीवरचे एक रुपयाचे नाणे. दमलेल्या फलंदाजाला दिवसाअखेर पुन्हा उभे करावयाचे; बाद करणाऱ्या गोलंदाजाला ते नाणे मिळावयाचे आणि कोणीच बाद करू शकले नाही तर फलंदाजाला. तेंडुलकरांनी अशी तेरा नाणी जपून ठेवली. तिसरी, निरीक्षण. खेळ चालू असताना दुरून पाहावयाचे, चुका टिपून ठेवावयाच्या आणि सामना संपल्यावर त्या दाखवावयाच्या, असे त्यांचे चित्र शिष्यांच्या आठवणींतून उभे राहते. हीच आत्मपरीक्षणाची सभा. मात्र तीत चर्चेला आधार होता तो प्रत्यक्ष घडलेल्या खेळाचा.

येथे एक आक्षेप संभवतो. मोठ्या शिष्यावरून पद्धतीचे मूल्यमापन करणे तर्कदृष्ट्या सदोष आहे. चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर ही नावे तेंडुलकरांच्या जोडीला ठेवली तरी जे पुढे गेले नाहीत त्यांची गणना होत नाही. आक्षेप योग्य आहे. परंतु प्रस्तुत विवेचनाचा आधार शिष्यांची कीर्ती हा नसून पद्धतीची अंतर्गत रचना हा आहे.

याहून महत्त्वाचा भेद निराळा आहे. शिवाजी पार्कवर गुरूचा शब्द अंतिम होता. जाहीरनाम्याला मात्र स्वतःची व्यवस्था स्वतः लावणारा संघ अभिप्रेत आहे. म्हणून आचरेकरांचा अधिकार उचलून कार्यालयात बसविणे ही अनुकृती होईल, अनुसरण नव्हे. शिवाय मैदानावर हरणाऱ्याचे नुकसान एका नाण्यापुरते असे. कार्यालयात प्रोग्रामरने आत्मपरीक्षणाच्या सभेत मान्य केलेली चूक वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी त्याच्याविरुद्ध मांडली जाऊ शकते. प्रशिक्षकाचे वेतन व्यवस्थापन देते, आणि व्यवस्थापनाला अहवाल हवा असतो. अशा स्थितीत शहाणा माणूस सभेत गप्प बसतो किंवा निरुपद्रवी चूक सांगतो. फलकावरील चिठ्ठ्या नियमाने सरकत राहतात, रोजची बैठक वेळेवर संपते, आणि सदोष प्रणाली मात्र रुग्णालयात, बँकेत, रेल्वेच्या आरक्षणात जाऊन बसते. तिचा भार ज्यांच्यावर पडतो त्यांना 'ॲजाइल' हा शब्दही ठाऊक नसतो.

तेव्हा प्रशिक्षकाचे आद्य कर्तव्य विधी शिकविणे हे नाही. चूक स्वस्तात घडेल, लवकर दिसेल आणि निर्भयपणे उच्चारता येईल, अशी जागा निर्माण करणे व ती व्यवस्थापनापासूनही राखणे, हे ते कर्तव्य होय. यांपैकी पहिल्या दोन अटी शिवाजी पार्कच्या मातीत पुरेपूर पाळल्या जात. तिसरी अट कार्यालयाला स्वतःच घडवावी लागेल, कारण ती गुरुशिष्यपरंपरेतून आयती मिळणारी नाही. प्रशिक्षकाच्या यशाची कसोटीही यातूनच निष्पन्न होते. त्याच्या उपस्थितीत किती सभा भरल्या याला महत्त्व नाही. तो निघून गेल्यावर संघ आपली चूक आपण होऊन टिपतो की नाही, हे पाहावयाचे. खेळपट्टीवर उभ्या असलेल्या फलंदाजाला चेंडू येतो त्या क्षणी गुरू सांगावयास नसतो. जे शिकविले गेले त्याचे मोल तेथेच ठरते.