जनीच्या जात्याचा दुसरा हात

गंगाखेडची जनाबाई आपल्या परभणी जिल्ह्यातली. तिच्या अभंगांवर प्रस्थापित समीक्षक लिहितात तेव्हा सगळं एकाच शब्दात गुंडाळतात : भक्ती. मित्रहो, आपण तसं वाचायचं कारण नाही. माया, भक्ती आणि प्रेम ह्या तीन गोष्टी वेगळ्या आहेत.

परंपरा सांगते, शूद्र घरातली ही पोर लहानपणीच पंढरपुरात नामदेवाच्या बापाकडं, दामाशेटीकडं कामाला राहिली. त्या घरानं तिला माया लावली म्हणतात. लावली असंल. पण माया वरून खाली येते. आमच्या जिनिंगचा मालकही म्हणतो, 'तू घरचाच माणूस', आणि खाडा पडला की पगार कापतो. घरच्या म्हणवलेल्या जनीचं दळणकांडण सुटलं नाही. अभंगाच्या शेवटी ती स्वतःला नामदेवाची दासीच म्हणवते.

भक्ती खालून वर जाते. हात जोडलेले, मान खाली. प्रश्न विचारायची सोय नाही.

पण जनीचा विठोबा बघा. तो तिच्यासंगं दळतो, गोवऱ्या वेचतो, तिची वेणी घालतो. चुकला की ती त्याला शिव्याही देते. जात्याचा खुंटा एकच, त्यावर समोरासमोर दोघांचे हात. हे प्रेम. इथं वर कुणी नाही, खाली कुणी नाही.

मग सवाल असा, की त्या भरल्या घरात खुंट्याला हात लावायला एकही माणूस का मिळाला नाही? देवालाच का यावं लागलं? चमत्कार म्हणून माना डोलवणाऱ्यांना हा सवाल पडत नाही. जनीची कविता मोठीच आहे. पण तिच्यात सोबत मिळते, सुटका मिळत नाही.

बाबासाहेबांनी 1948 साली आपला अस्पृश्यांवरचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळ्याला अर्पण केला. संतांचं मोल त्यांना ठाऊक होतं. त्याच बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बजावलं, की धर्मात भक्तीनं आत्म्याला मुक्ती मिळत असंल, राजकारणात ती अधःपाताकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. हा इशारा त्यांनी स्वतःला वगळून दिलेला नव्हता.

10 डिसेंबर 2024 ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. आपली माणसं रस्त्यावर आली. यायलाच पाहिजे होतं. पण त्यातली कलमं किती जणांनी वाचली? 14 एप्रिलचा हार ही भक्ती. बाबासाहेब वाचणं, त्यांच्याशी वाद घालणं, त्यांनी अर्धवट सोडलेल्या कामाला हात लावणं, हे प्रेम.

दळण अजून बाकी आहे. खुंट्यावरची दुसऱ्या हाताची जागा रिकामी आहे.