संवेदकाला वायूचे नाव कळते का?

बुलडाणा जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. या भागातील महाविद्यालयांत अर्धवाहक ऑक्साइडांचे थर आणि त्यांपासून बनणारे वायुसंवेदक हा संशोधनाचा आवडता विषय आहे. ते स्वाभाविकच म्हणायला हवे. कथिलाच्या किंवा जस्ताच्या क्षाराचे द्रावण तापलेल्या काचेवर फवारले की ऑक्साइडचा पातळ थर बसतो. त्याला महागडी निर्वात यंत्रणा लागत नाही. तुटपुंज्या साधनांत हे काम करणाऱ्यांविषयी आम्हाला आदर आहे. आमचा आक्षेप आहे तो अशा अनेक निबंधांच्या शेवटच्या परिच्छेदाला.

ही कल्पना जुनी आहे. १९६२ साली जपानमध्ये सेइयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ थराने वायू ओळखून दाखवले. हवेतील ऑक्सिजन तापलेल्या थराला चिकटतो आणि त्यातील इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो. थराचा रोध वाढतो. स्वयंपाकाच्या गॅससारखा ज्वलनशील वायू आला की तो या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध घटतो. मात्र या क्रियेत वायूचे नाव कोणी विचारत नाही! हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, अल्कोहोलची वाफ, सर्वांनी रोध घटतो. हवेतील दमटपणानेही तो बदलतो.

निबंधांत बहुधा काय असते? बंद काचपेटीत एकच वायू सोडतात, रोधाचे गुणोत्तर काढतात, आलेख देतात आणि संवेदक 'प्रत्यक्ष वापरास उपयुक्त' ठरवतात. दोन वायू एकत्र असतील तर? पावसाळ्यात? सहा महिन्यांनी? या प्रश्नांवर पुष्कळदा एक ओळही नसते.

खरी परीक्षा घ्यायला जिल्ह्यातच जागा आहे. लोणारच्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या उल्काविवरात खारे, अल्कधर्मी सरोवर आहे आणि त्याच्या काठच्या चिखलाला हायड्रोजन सल्फाइडचा वास येतो. वनखात्याच्या परवानगीने संवेदक तेथे मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये नेला, तर त्याची खरी लायकी कळेल. निवडक संवेदक अशक्य नाही. टिन ऑक्साइडमध्ये थोडे कॉपर ऑक्साइड मिसळले, तर हायड्रोजन सल्फाइडमुळे त्याचे कॉपर सल्फाइड होते व रोध एकदम घसरतो. ही युक्ती त्याच वायूला विशेष लागू पडते.

हा काटेकोरपणाचा नुसता हट्ट नव्हे. हायड्रोजन सल्फाइड दशलक्षात १०० भागांच्या आसपास गेला की माणसाचे नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरणाऱ्या कामगाराला मग उपकरणाचाच भरवसा. ते दमट हवेत चुकले, तर त्याची किंमत तो जिवाने मोजतो.

म्हणून शिक्षकांना आमची एक सूचना आहे. विज्ञान प्रदर्शनात 'गॅस ओळखणारे यंत्र' दिसले की विद्यार्थ्याला विचारा : दुसऱ्या वायूने हे वाजते का? ओल्या हवेत तपासले का? महिन्यापूर्वीचा आकडा आजही येतो का? तिन्ही उत्तरे वहीत नोंदलेली असतील, तर यंत्र साधे असले तरी बक्षीस त्यालाच द्यावे.