झपाटलेला
झपाटलेला : भय व विनोद यांचा मेळ घालणारा मराठी अद्‌भुतरम्य चित्रपट (१९९३). दिग्दर्शक महेश कोठारे. मृत्युंजय मंत्र मिळविलेला गुन्हेगार तात्या विंचू (दिलीप प्रभावळकर) मरताना आपला आत्मा बाहुल्यात घालतो. मात्र हे रहस्य ज्याला प्रथम सांगितले, त्याच्याच देहात शिरून त्याला पुन्हा माणूस होता येते. फाउस्टकथेतील सैतानाशी केलेल्या कराराप्रमाणे येथेही मिळविलेले सामर्थ्यच पाश ठरते. चाइल्ड्स प्ले (१९८८) या अमेरिकन भयपटाशी कथानकाचे साम्य उघड आहे. परंतु नायक लक्ष्या (लक्ष्मीकांत बेर्डे) याला शब्दभ्रमकार केल्याने कथेला स्वतंत्र अर्थ लाभला आहे. बाहुल्याला बोलके करणे हीच ज्याची कला, त्याचा बाहुला खरोखरच बोलतो, हे कोणालाही पटत नाही. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याने साकारलेल्या या विसंगतीतूनच चित्रपटातील हसू व भीती एकदम उपजतात.