पक्षफुटीचे बखरकार

जुन्या बखरींत दरबार सविस्तर दिसतो, रयत मात्र क्वचितच दिसते. राजकीय पक्षांच्या फुटींवर मराठीत जे लेखन होते, त्यासही हाच दोष लागू पडतो असे आमचे मत आहे.

राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचेच उदाहरण घेऊ. १९७८ साली शरद पवार आपल्या गटासह काँग्रेसच्या मंत्रिमंडळातून फुटून मुख्यमंत्री झाले. १९८६ साली औरंगाबादेस ते मूळ पक्षात परतले. १९९९ च्या जूनमध्ये, सोनिया गांधींच्या विदेशी जन्माच्या वादातून काँग्रेसबाहेर पडावे लागल्यावर, त्यांनी संगमा व तारिक अन्वर यांच्यासह नवा पक्ष स्थापिला. आणि त्याच ऑक्टोबरात त्याच काँग्रेसबरोबर राज्यात सत्ता वाटून घेतली. हा वृत्तान्त आमच्या लेखकांस तोंडपाठ आहे. परंतु तो दिल्ली-मुंबईचा होय. पक्ष जगतो तो जिल्ह्यात.

१९८१ साली निर्माण झालेल्या जालना जिल्ह्याकडे पाहावे. १९९१ साली येथून काँग्रेसतर्फे लोकसभेत गेलेले अंकुशराव टोपे यांचे नाव अंबड तालुक्यातील समर्थ सहकारी साखर कारखान्याशी व मत्स्योदरी शिक्षण संस्थेशी निगडित आहे. १९९९ साली त्यांचे पुत्र राजेश टोपे अंबडहून नव्या पक्षातर्फे निवडून आले. कारखाना तोच, शाळा त्याच, ऊस घालणारा शेतकरीही तोच. पालटले ते केवळ चिन्ह. हाताच्या जागी घड्याळ आले. त्या शेतकऱ्यास विदेशी जन्माच्या वादाविषयी काय वाटले, हे या लेखनात शोधू गेल्यास हाती काहीच लागत नाही.

यावरून संस्था ज्याच्या हाती, मतदार त्याचाच, असा सिद्धान्त कोणी काढील, तर तोही अपुरा ठरेल. २०२३ साली हा पक्ष स्वतःच दुभंगला. पुढील फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने नाव व घड्याळ अजित पवारांच्या पक्षास दिले. राजेश टोपे शरद पवारांबरोबरच राहिले, आणि २०२४ साली घनसावंगीत पराभूत झाले. विजयी झालेले हिकमत उढाणही दुसऱ्या एका दुभंगलेल्या पक्षाचे, शिवसेनेचे, उमेदवार होते. म्हणजे मतदार कोणाच्या दावणीस बांधलेला नव्हता.

काँग्रेसमधूनच १९४८ साली निघालेल्या शेतकरी कामगार पक्षाने १९५० च्या दाभाडी प्रबंधात आपली भूमिका लेखी मांडून ठेवली. ती पटो वा न पटो, तिच्या कसोटीवर त्या पक्षाची पुढील वाटचाल तपासता येते. पुढाऱ्यांच्या रुसव्याफुगव्यांचे वर्णन अशी कसोटी देऊ शकत नाही.

कोण कोणास सोडून गेला, एवढे लिहिणे ही रोजनिशी झाली. ज्यांच्या नावाने ही फूट पडली, त्यांच्या पदरात काय पडले, हे जो अंबड-घनसावंगीच्या शेतकऱ्यास विचारून लिहील, त्यासच आम्ही इतिहासकार म्हणू.